वन रूम किचनमधलं एक्स्चेंज

संपर्क ही मनुष्याची मूलभूत गरज असून बोलणं ही त्यातली मुख्य अडचण आहे. जगातली सगळी मोठी भांडणं बोलण्यातून झाली. न बोलता भांडण झाल्याची उदाहरणं फक्त नवरा-बायकोत सापडतात, आणि ती अपवादात धरायची. म्हणून शहाण्या माणसांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं, की संपर्काची साधनं वाढवत न्यावीत आणि बोलणं कमी करत आणावं. या धोरणाची पहिली संपूर्ण अंमलबजावणी भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या अंगाला, श्री गजलक्ष्मी सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, नानासाहेब मांडवकरांच्या वन रूम किचनमध्ये झाली. मी समोरच्याच दारात राहत असल्यामुळे पुढच्या मजकुरात खोटं काही येण्याचा संभव नाही. (माझ्या खरेपणाबद्दल सोसायटीत जे बोललं जातं, ते पार्किंगच्या वादातून निघालेलं आहे.)

नानासाहेब मूळचे रत्नागिरीकडले. फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर त्यांची सगळी नोकरी झाली. डोक्याला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी, आणि साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला 'जरा होल्ड करा' म्हणण्याचा अधिकार. हा अधिकार भारतात फार थोड्यांना मिळतो आणि त्यांपैकी कोणालाही तो निवृत्तीनंतर सोडवत नाही. निवृत्त झाल्यावर नानासाहेब घरी आले, तर घरात फोन एकच, आणि तो ज्याच्या हाताशी असेल तो उचलायचा. प्रशासकीय दृष्ट्या ही अराजकाची स्थिती होती. तीही त्यांनी सहन केली असती, पण मध्ये संचिताचा प्रश्न आला.

संचिता ही त्यांची लेक. लग्न होऊन टोरांटोला गेलेली. तिच्याशी बोलायचं म्हणजे आंतरराष्ट्रीय कॉलचं कार्ड आणायचं, ते खरवडायचं, त्यावरचा मारुतीच्या शेपटीएवढा नंबर दाबायचा, आणि पलीकडून "हॅलो आई" येईपर्यंत निम्मं कार्ड संपलेलं. त्यामुळे संचिता आणि तिची आई तुळसाबाई यांचा रोजचा व्यवहार मिस कॉलवर चाले.

मिस कॉल या संस्थेविषयी इथे चार शब्द सांगणं भाग आहे, कारण पुढच्या पिढ्यांना ती दंतकथा वाटेल. एक रिंग देऊन तोडला, म्हणजे सगळं ठीक. दोन रिंगा, म्हणजे पोचलो. तीन रिंगा, म्हणजे अजून पोचलो नाही, भात लावू नका. यात न बोलता सगळं सांगून होई आणि कोणाचं काही खर्ची पडत नसे. मात्र मिस कॉल उचलणं हा गुन्हा होता. तो उचलणारा माणूस पंगतीत दुसऱ्याच्या ताटातला पापड उचलणाऱ्याच्या रांगेत बसे. तुळसाबाईंनी दोन्ही मुलांना पोहायला शिकवलं नाही, पण मिस कॉल उचलायचा नाही, हे शिकवलं.

रोज सकाळी तुळसाबाई चहा गाळायला घेत, तेव्हा तिकडे टोरांटोत रात्रीची जेवणं आटपलेली असत. गाळणं कपावर धरलं, की हॉलमधला फोन एकदाच वाजे. तुळसाबाई म्हणत, "हां, बरी आहे," आणि मग चहा ओतत. फोन वाजायला उशीर झाला तर चहा गाळण्यातच थांबे. आम्हा शेजाऱ्यांना त्याची सवय होती.

आणि आता संचिताला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा कायदा. तो टोरांटोलाही लागू आहे की नाही, याबद्दल शास्त्रात स्पष्टता नाही. मागच्या कार्डावर संचितानं विचारलं होतं, "आई, मी काय करू? इथंच राहू, की तिकडे..." आणि कार्ड संपलं होतं. विमानवाले ठरावीक महिन्यानंतर बाईला चढू देत नाहीत, म्हणून जावई सूरज उत्तराची वाट पाहत होता. उत्तर तुळसाबाईंच्या ओठावर होतं. त्यांना लेक इथं, डोळ्यांसमोर हवी होती. पण ते बोलायचं कुठून, हा पेच होता.

हॉलमध्ये नानासाहेब आणि तुळसाबाई. ग्रिल आणि सरकत्या काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे मुलगा निकेत आणि सून मिनल यांची बेडरूम. तिच्यात एक पलंग मावतो आणि पलंगावर चढायला दारातूनच उडी घ्यावी लागते. उरलं स्वयंपाकघर. त्यात बाळंतीण, पाळणा, शेक-शेगडी आणि अंग चोळायला येणारी बाई कुठं बसवायची? ती जागा फक्त सुनेच्या वाट्यातून निघू शकत होती. सुनेला विचारायचं कसं, आणि सुनेला न विचारता लेकीला ये म्हणायचं कसं? म्हणून तुळसाबाई गप्प राहिल्या.

नानासाहेबांनी या गप्प राहण्याचा सर्व बाजूंनी अभ्यास केला आणि दोष यंत्रणेत आहे, असा निष्कर्ष काढला. (हा निष्कर्ष नेहमी बरोबर असतो. दोष माणसात निघाला तर माणूस बदलावा लागतो, आणि घरच्या माणसाला दुकानदार परत घेत नाही.)

"तिला मोकळेपणी बोलता येत नाही, कारण मीटर पळतं," ते मला म्हणाले. "मीटर काढून टाकलं की बोलेल."

निकेत मीरा रोडला एका कंप्यूटरच्या कंपनीत होता. त्यानं सांगितलं, की आता इंटरनेटवरून फोन करता येतो, आणि घरीच एक छोटं एक्स्चेंज बसवता येतं. मग घरातले सगळे फोन आणि टोरांटोचा फोन एकाच बोर्डावर. 'एक्स्चेंज' हा शब्द ऐकल्यावर नानासाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या साठीशांतीलाही पाहिलं नव्हतं. निकेतनं ऑफिसातून भंगारात निघालेला एक कंप्यूटर आणला. त्यात तो शनिवार-रविवार काहीतरी भरत बसला, आणि तो कंप्यूटर 'सर्व्हर' झाला. सर्व्हर फ्रीजवर ठेवण्यात आला, कारण संसारात जी वस्तू कुठं ठेवावी कळत नाही ती फ्रीजवर ठेवतात. त्याच्या पाठीतून सतत गरम वारा येई. पहिल्याच आठवड्यात तुळसाबाईंनी त्यावर पोह्याचे पापड वाळवले. त्या यंत्राकडून घराला झालेला हा पहिला लाभ होय, आणि बरेच दिवस तो एकमेव राहिला.

इंटरनेटची तार धर्माजीनं दिली. धर्माजी मूळ नवघर गावातला, पाच-पन्नास इमारतींना केबल पुरवणारा. त्यानं गच्चीवरून तार सोडली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, नेट फास हाय. फक्त कबुतरा बसली का थोरा हालतंय."

"कबुतरं कधी बसतात?"

"उराली का बसतान, बसली का उरतान. त्याचा काय टाइम न्हाय."

घरात तारा कुठून न्यायच्या, हा प्रश्न होता. हॉलच्या छतात मधोमध एक मजबूत लोखंडी हूक होता. निकेत आणि संचिता त्याच हुकाच्या पाळण्यात वाढलेले. सगळ्या तारांचा जुडगा त्याच हुकावरून घेण्यात आला. तुळसाबाईंनी एकदा हुकाकडे पाहिलं, एकदा नानासाहेबांकडे पाहिलं, आणि भाजी निवडायला घेतली.

मग नंबरवाटप झालं. हॉल, एक्स्टेन्शन एकशे एक (ऑपरेटर, म्हणजे नानासाहेब). स्वयंपाकघर, एकशे दोन. गॅलरी, एकशे तीन. बाथरूम, एकशे चार (तातडीच्या संपर्कासाठी). टोरांटोला कुरियरनं एक डबी पाठवली; ती तिथल्या फोनला लावल्याबरोबर टोरांटो हे नवघरच्या वन रूम किचनचं एक्स्टेन्शन एकशे पाच झालं. कॅनडा सरकारला याची कल्पना देण्यात आली नव्हती. हॉलपासून स्वयंपाकघराचं अंतर हात लांब केला तर कपबशी देता येईल इतकं. तरीही नियम असा, की 'चहा झाला' हा निरोप एकशे दोनवरून एकशे एकला फोन करूनच द्यायचा. तुळसाबाई फोन लावत. नानासाहेब तिथंच बसून तो वाजू देत, कानाला लावत, "एकशे एक, बोला," म्हणत, आणि निरोप मिळाला की "जोडतो" म्हणत. कोणाला जोडतो, हे कधी स्पष्ट झालं नाही.

शिस्तीच्या दृष्टीनं आणखी दोन सुधारणा झाल्या. स्वयंपाकघरातून टोरांटोला कॉल लावायचा तर ऑपरेटरची पूर्वपरवानगी लागेल. आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येणारे कॉल एक्स्चेंजकडे वळवले जातील, म्हणजे कोणाचा कोणाशी परस्पर संपर्क होणार नाही.

सर्वांत शेवटी स्वागताचा संदेश भरला गेला. तो नानासाहेबांच्या स्वतःच्या आवाजात होता, बोर्डावरच्या त्या जुन्या, नाकातून येणाऱ्या, अत्यंत सभ्य आवाजात: "नमस्कार. मांडवकर कुटुंबात आपलं स्वागत आहे. मराठीसाठी एक दाबा. हिंदी के लिए दो दबाइए. गुजराती माटे त्रण दबावो." (घरात गुजराती कोणालाच येत नव्हतं. तीन दाबलं की नानासाहेब गुजरातीत एवढंच सांगत, की गुजराती येत नाही.) होल्डवर असताना ऐकायला भजन होतं. तेही त्यांनीच म्हटलेलं. टाळ वाजवायला मला बसवलं होतं.

उद्घाटनाचा कॉल एका रविवारी सकाळी झाला. घरातला प्रत्येक जण आपापल्या एक्स्टेन्शनवर. मिनलच्या वाट्याला बाथरूम आलं. टोरांटोची रिंग वाजली, संचिता आली, आणि पहिल्याच मिनिटाला यंत्रणा पूर्ण क्षमतेनं चालू असल्याचं सिद्ध झालं. त्या संभाषणाची मी नंतर काढलेली आकडेवारी अशी: 'आवाज येतोय का', पंचावन्न टक्के. 'येतोय, माझा येतोय का', वीस टक्के. 'सगळे एकदम बोलू नका', पंधरा टक्के. कबुतरं, आठ टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांत टोरांटोचं हवामान. नानासाहेबांचं प्रत्येक वाक्य आधी हवेतून ऐकू येई आणि मग सावकाश तारेतून. त्यामुळे घरात ते दोनदा ऐकू आलं आणि दोन्ही वेळा त्यात काही नव्हतं.

मग तुळसाबाईंची पाळी आली. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. एकशे तीनवर मुलगा ऐकत होता, एकशे चारवर सून.

"खाल्लंस काय गो?"

"हो, आई."

"थंडी?"

"आहे." मग जरा वेळ कबुतरं. "आई, तू काहीतरी सांगणार होतीस ना?"

तुळसाबाईंनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. "नाय गो. तेच. नीट राहा."

नानासाहेबांनी कॉल यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाईंनी चहा गाळायला घेतला आणि फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या गाळणं धरून उभ्या राहत, कपात थेंब थेंब पडे, आणि मग चहा निवला की आम्हाला समोरच्या दारात कळे, आजही नाही.

वस्तुस्थिती अशी, की संचिता रोज मिस कॉल देत होती. एक्स्चेंज तो उचलत होतं. चांगल्या एक्स्चेंजचं लक्षणच हे, की ते रिंग पूर्ण होऊ देत नाही. तिकडे बिचारी एका रिंगसाठी फोन लावी, तर अर्ध्या रिंगेतच वडिलांचा आवाज येई: "नमस्कार. मांडवकर कुटुंबात आपलं स्वागत आहे." वडील आपले मिस कॉल उचलतात, ही गोष्ट तिला फार लागली. हळूहळू तिनं ते देणं सोडलं.

तुळसाबाईंनी एकदा विषय काढला. "अहो, फोन वाजत नाय हल्ली."

"वाजायची गरजच उरली नाही," नानासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "वाजायच्या आत उचलला जातो. शंभर टक्के कॉल उचलले गेलेत या महिन्यात. आमच्या कंपनीत साहेबलोकांनी असा आकडा स्वप्नात पाहिला नव्हता."

"मग ती बोलते काय?"

"त्याचा हिशेब वेगळा असतो."

तरीही नानासाहेब हे लोकाभिमुख प्रशासक होते. तक्रार आली, तिची दखल घेतली गेली. निकेतला बसवून स्वागताच्या संदेशात नवी सोय झाली: "मिस कॉल देण्यासाठी चार दाबा." चार दाबलं की उत्तर येई, "आपला मिस कॉल आम्हाला मिळाला आहे. आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात." असे आलेले मिस कॉल एकत्र करून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुळसाबाईंना तोंडी कळवायचे, असं ठरलं. पुढच्या पहिल्या तारखेला नानासाहेबांनी कळवलं, की निरंक.

इकडे विमानवाल्यांचा महिना जवळ येत चालला होता.

आता यंत्रणेचं एक यश सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. एका दुपारी नानासाहेब तारांना लावायच्या क्लिपा आणायला केबिन रोडला गेले होते. निकेत कामावर. मिनलला सुट्टी होती. ती गॅलरीत पलंगावर बसली होती. तुळसाबाई स्वयंपाकघरात वाल सोलत होत्या. मध्ये एक पडदा आणि हॉल नावाची चार पावलं. एकशे दोन वाजला.

"कोण?" तुळसाबाईंनी विचारलं.

"मी मिनल."

"कुठून बोलतेस?"

"गॅलरीतून."

"बोल."

"आई, समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही भाजीचं विचारता, आणि ते राहून जातं. म्हणून फोन केला." मिनल पडद्याकडे पाठ करून बसली होती, तुळसाबाईंनीही पाठ फिरवली. "संचिताताईंना इकडेच बोलवा. गॅलरी त्यांना द्या. आम्ही हॉलमध्ये खाली झोपू. नाहीतर निकेतला काही दिवस माझ्या आईकडे मीरा रोडला पाठवते. तसाही घोरतो, तिला काय कळतंय, ती बहिरी आहे."

पलीकडून काही आवाज आला नाही. मिनलला कबुतरांची शंका आली, पण हा अंतर्गत कॉल होता, त्याला कबुतरं लागत नसत.

"तुला त्रास होईल गो," तुळसाबाई म्हणाल्या.

"होईल की. मी कुठं नाही म्हटलं? पण रोज सकाळी तुम्ही गाळणं धरून उभ्या राहता ना, त्याचा जास्त होतो."

तुळसाबाईंनी नाक ओढलं. ते मिनलला फोनमधूनही ऐकू आलं आणि पडद्यामागूनही.

"ठेवू आता?"

"ठेवा. भाजी कसली आहे?"

"वाल आहेत. ये, सोलायला बस."

एका छताखाली चार वर्षं काढलेल्या सासू-सुनेचं एवढं बोलणं झालं ते केवळ एक्स्चेंजमुळे. टीकाकारांनी याची नोंद घ्यावी.

उत्तर आता तयार होतं. ते फक्त टोरांटोला पोचवायचं होतं. पण ऑपरेटर केबिन रोडला, आणि परवानगीशिवाय एकशे दोनवरून बाहेर कॉल लागत नव्हता. मिनलनं आपला मोबाईल पुढं केला. त्यावर आलेले कॉल एक्स्चेंजकडे जात असले, तरी त्यावरून लावता येत होतं. ही पळवाट नानासाहेबांच्या लक्षात यायची होती. तुळसाबाईंनी संचिताचा मोबाईल लावला. तिकडे पहाट होती.

पुढचा भाग मला सूरजनं स्वतः सांगितला. संचिताच्या उशाशी फोन वाजू लागला. वर मिनलचं नाव. सूरज म्हणाला, "अगं, उचल ना."

"वहिनीचा मिस कॉल आहे. उचलतात का कोणी?"

टोरांटोत राहिली म्हणून काय झालं, मुलगी नवघरची. ती उशीवर डोकं ठेवून रिंगा मोजत राहिली. एक झाली. दोन झाल्या. तीन झाल्या. थांबेना. चारचा अर्थ तिला शिकवलेला नव्हता. फोन वाजत वाजत आपोआप बंद पडला, आणि पुन्हा सुरू झाला. एवढा लांबलचक मिस कॉल तिला जन्मात कोणी दिला नव्हता. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, तर इतक्या रिंगा म्हणजे काय काय ठीक नसेल, याचा तिनं साधा त्रैराशिकानं हिशेब केला आणि ती उठून बसली.

इकडे तुळसाबाई फोन कानाशी धरून म्हणत होत्या, "उचलत नाय गो ती."

मिनल म्हणाली, "झोपली असेल."

"झोपली नाय. मीच शिकवलंय तिला, उचलायचा नाय म्हणून."

संचितानं घाबरून मिनलचा मोबाईल उलट लावला. तो एक्स्चेंजकडे वळला. नमस्कार, स्वागत, मराठीसाठी एक. तिनं एक दाबलं. 'अतितातडीच्या कामासाठी सात दाबा' म्हटल्यावर तिनं सात दाबलं. "अतितातडीच्या कामासाठी कृपया कार्यालयीन वेळेत फोन करावा. तोपर्यंत होल्ड करा." आणि भजन सुरू झालं.

भर दुपारी, आडवारी, घरात भजन चाललंय, वडिलांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक येतोय, आणि मागे कोणीतरी बेताल टाळ कुटतंय. कोकणात घरी अवेळी भजनी मंडळ कधी बसतं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. (टाळ बेताल नव्हते. तो तारेतला दोष होता.) तिनं निकेतचा मोबाईल लावला. भजन. घरचा फोन लावला. भजन. सगळं घर भजनाला बसलेलं आहे, याबद्दल तिची खात्री पटली. डॉक्टरांना विचारून सूरजनं मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं, आणि स्वतः मागून येतो म्हणून तिला बसवून दिलं.

नानासाहेब क्लिपा घेऊन परतले. तुळसाबाईंनी रीतसर परवानगी मागितली, त्यांनी ती रीतसर दिली, आणि एकशे पाच लावला. तो कोणी उचलेना; निघायच्या घाईत तिथली डबी उपटली गेली होती, हे सूरजच्या फार उशिरा लक्षात आलं. नंतरचे दोन दिवस तुळसाबाई येता-जाता "लावा ना परत" म्हणत राहिल्या. नानासाहेब लावत राहिले. त्यांच्या हाताला दिवसभर काम होतं. पण दुसऱ्या संध्याकाळी ते मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ती उचलत का नाही हो?" आणि मला पहिल्यांदाच या यंत्रणेची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटशी टॅक्सी थांबली. संचिता उतरली. रडून डोळे सुजलेले, पाय सुजलेले, पोट पुढे. वर काय वाढून ठेवलंय याच्या धास्तीनं तिचं पाऊल उचलेना, म्हणून तिनं गेटजवळच्या पीसीओवरून घरी फोन लावला. "नमस्कार. मांडवकर कुटुंबात..." तिनं रिसीव्हर आपटला, इमारतीखाली येऊन मान वर केली, आणि लहानपणी खेळून येताना मारायची तशी हाक मारली.

"आई गोऽऽ"

तारा नाहीत, डबी नाही, कबुतरांचा अडथळा नाही. थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ आवाज. सगळ्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. तुळसाबाई पिठाच्या हातानं गॅलरीत धावल्या, मिनलच्या पलंगावर चढल्या आणि ग्रिलला तोंड लावून उभ्या राहिल्या.

संचितानं वर पाहिलं. मग रागानं ओरडली, "तू आहेस ना?"

"आहे गो बाय, आहे. हळू चढ, जिना आत्ताच धुतलाय."

नानासाहेबही धावले. पण त्यांच्या डोक्याला, नोकरीतल्यासारखा, एकशे एकचा हेडफोन होता आणि त्याची तार खिडकीच्या हातभर आधी संपत होती. तिथपर्यंत गेले आणि अडकले. लेकीचा आवाज येत होता, लेक दिसत नव्हती. एक पाऊल पुढं, तारेचा हिसका, एक पाऊल मागं. शेवटी त्यांनी हेडफोन काढून फ्रीजवर ठेवला आणि खिडकीशी गेले. एवढी वर्षं बोर्डावर काढलेला माणूस, पण त्या वेळी त्यांना कोणाला काही जोडून देण्यासारखं उरलं नव्हतं.

यथावकाश मुलगी झाली. हुकावरून तारा निघाल्या आणि पाळणा लागला. निकेत-मिनल हॉलमध्ये झोपतात. निकेतचं घोरणं आता मलाही ऐकू येतं. सर्व्हर फ्रीजवरच आहे. त्यावर हल्ली दुपटी वाळतात आणि ती फार छान वाळतात. नानासाहेबांनी सोसायटीच्या सभेत अहवाल मांडला: लेकीला घरी आणण्यासाठी एक्स्चेंज बसवण्यात आलं, लेक घरी आली, सबब प्रकल्प यशस्वी. यात चूक काढून दाखवा. सभेला काढता आली नाही. उलट आणखी काही बिऱ्हाडांनी मागणी नोंदवली. सध्या आमच्या मजल्यावर कोणाच्याही घरी फोन करा, अर्ध्या रिंगेत उचलला जातो.

हे वाचून आपल्याला नानासाहेबांचं हसू आलं असेल. आपल्या घरात असला सर्व्हर नाही, याचं बरंही वाटलं असेल. माझं एवढंच म्हणणं आहे: मघाशी आपण हे वाचत असताना आतून कोणीतरी आपल्याला काहीतरी विचारलं. आपण मान वर न करता 'हं' म्हणालात. कॉल तत्काळ उचलला गेला. काय विचारलं होतं?

जा, आत जाऊन विचारून या. तोवर मी होल्ड करतो.